ओपन अ‍ॅक्सेस आणि संशोधनाचा डेटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधकांना मदत करणाऱ्या आमच्या कक्षाकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत पहिला पेपर लिहिणारे विद्यार्थी आहेत आणि निवृत्तीला आलेले प्राध्यापकही. आमच्याकडे येणाऱ्या अडचणींपैकी बहुतेक अवघड नसतात, फक्त उशिरा आलेल्या असतात. म्हणून हे पेपर छापून आल्यावर वाचण्यापेक्षा काम सुरू करतानाच वाचलंत तर जास्त उपयोगी पडेल.

१. ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे पेपर फुकट वाचायला मिळणं, एवढंच ना?

तेवढंच नाही. ही संज्ञा २००२च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट जाहीरनाम्यामुळे रूढ झाली. वाचण्याबरोबरच उतरवून घेणं, प्रती काढणं, दुसऱ्याला देणं आणि प्रोग्रॅम लावून मजकुरातून माहिती काढणं, हे सगळं त्यात तेव्हाच धरलेलं होतं. लेखकाला श्रेय द्यायचं आणि त्याच्या कामाची मोडतोड करायची नाही, एवढीच अपेक्षा. एखादा पेपर वेबसाइटवर उघडतो, पण खाली 'सर्व हक्क राखीव' असं असतं. असा पेपर वाचायला मोफत असला तरी त्यातली आकृती तुम्हाला आपल्या पुस्तकात सरळ घेता येत नाही. हा फरक परवान्यावर ठरतो (प्रश्न ८).

२. पण त्यासाठी लेखकाला पैसे भरावे लागतात. माझ्याकडे अनुदान नाही. मग मी काय करू?

पैसे भरावेच लागतात हा समज इतका घट्ट बसला आहे की अनेक जण चौकशी न करताच हा विषय सोडून देतात. याचं आम्हाला खरोखर वाईट वाटतं, कारण सगळ्यात सोप्या वाटेला पैसा लागतच नाही. पेपर तुम्हाला हव्या त्या जर्नलमध्ये छापा आणि त्याची स्वीकृत प्रत (प्रश्न ३) विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे संशोधन जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन साठ्यात, ठेवा. याला ग्रीन मार्ग म्हणतात.

डायमंड जर्नलं वाचकाकडून काही घेत नाहीत आणि लेखकाकडूनही नाही. त्यांचा खर्च विद्यापीठं, अभ्याससंस्था किंवा सरकारी अनुदान उचलतं. डीओएजे ही ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांची निर्देशिका २००३पासून चालू आहे. तिच्यातल्या निम्म्याहून जास्त जर्नलांत लेखकाला शुल्क नाही, आणि निर्देशिकेत शोधताना 'शुल्क नाही' अशी गाळणीही लावता येते.

शुल्क, म्हणजे ज्याला सगळे एपीसी म्हणतात ते, काही गोल्ड जर्नलं, म्हणजे सगळेच पेपर खुले छापणारी, घेतात आणि हायब्रिड जर्नलंही घेतात. हायब्रिड जर्नल वर्गणीवर चालतं आणि वर एखादा पेपर खुला करायचा असेल तर वेगळे पैसे मागतं. आमचं स्पष्ट मत असं, की स्वीकृत प्रत ठेवायची मुभा असताना हायब्रिडला खिशातून पैसे देऊ नयेत. विद्यापीठाचा त्या प्रकाशकाशी करार असेल तर शुल्क माफ किंवा कमी होतं. मात्र त्यासाठी पेपर पाठवतानाच विद्यापीठाचा पत्ता आणि ईमेल द्यावा लागतो. नंतर पत्ता बदलून सवलत मिळवताना फार त्रास होतो.

३. 'स्वीकृत प्रत' म्हणजे नेमकी कोणती फाइल?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका पेपरच्या तीन अवस्था असतात. पहिली, तुम्ही जर्नलला पाठवलेली फाइल. समीक्षकांनी पाहण्याआधीची ही प्रत म्हणजे प्रीप्रिंट. दुसरी, समीक्षकांच्या सूचना घेऊन सुधारलेली आणि संपादकांनी 'मान्य' म्हटलेली शेवटची वर्ड किंवा लॅटेक फाइल. ही तुमची स्वीकृत प्रत. तिसरी, जर्नलने सजवून छापलेली पीडीएफ.

ओळखायची कशी? स्वीकृत प्रतीत मजकूर पूर्ण आणि अंतिम असतो, पण जर्नलचा लोगो, दोन रकाने, खंड-अंक आणि छापील पानांचे आकडे नसतात. प्रूफ म्हणून आलेली पीडीएफ ही स्वीकृत प्रत नव्हे, कारण ती मांडणी प्रकाशकाने केलेली असते. बहुतेक वर्गणीवाले प्रकाशक दुसरी प्रत ठेवू देतात, तिसरी ठेवू देत नाहीत.

एकदा एक प्राध्यापिका त्यांचे बारा पेपर रिपॉझिटरीत ठेवायला आल्या. बाराही छापील पीडीएफ होत्या. स्वीकृत प्रती जुन्या लॅपटॉपवर होत्या आणि तो लॅपटॉप कधीच मोडीत गेला होता. सहलेखकांच्या मेल उघडून, जर्नलच्या सबमिशन खात्यात शिरून आम्ही सात प्रती मिळवल्या. उरलेल्या पाचांची फक्त नोंद करता आली. बारा वेळा एक-एक मिनिट दिला असता तर बाराही पेपर आज खुले असते.

४. पेपर स्वीकारल्याची मेल आजच आली. आता आधी काय करू?

शेवटची वर्ड फाइल आकृत्या आणि तक्त्यांसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. प्रकाशकाचा करार सही करण्याआधी उतरवून घ्या आणि वाचा. त्याच दिवशी रिपॉझिटरीचा अर्ज भरा. त्यात ऑर्किड क्रमांक, अनुदान देणाऱ्या संस्थेचं नाव आणि मंजुरी क्रमांक लागतो. ऑर्किड म्हणजे २०१२पासून मिळणारा सोळा अंकी ओळख-क्रमांक. तो मोफत आहे. एकाच आडनावाचे, एकाच आद्याक्षराचे पाच संशोधक असले तरी तुमचं काम तुमच्याच नावावर राहतं. डीओआय, म्हणजे पेपराला मिळणारा कायमचा ऑनलाइन क्रमांक, अजून आला नसेल तर अडून बसू नका, तो आम्ही मागाहून जोडतो.

५. माझं जर्नल याला परवानगी देतं का, हे कुठे बघायचं? करारावर सही तर मी केलीय.

सही केली म्हणून सगळं हातचं गेलं असं होत नाही. अनेक करारांत कॉपीराइट प्रकाशकाकडे गेला तरी स्वीकृत प्रत ठेवण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. जर्नलचं धोरण 'ओपन पॉलिसी फाइंडर'वर बघा. पूर्वी यालाच शेर्पा रोमिओ म्हणत. तिथे तीन गोष्टी शोधा : कोणती प्रत, कुठे आणि कधीपासून. 'कुठे' हा शब्द नीट वाचा. वैयक्तिक वेबसाइटवर चालेल पण संस्थेच्या रिपॉझिटरीत थांबावं लागेल, अशी अट कधीकधी असते.

अजून सही केली नसेल तर हक्क राखून ठेवण्याची वाट आहे. हार्वर्डच्या कला आणि विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी फेब्रुवारी २००८मध्ये असा ठराव केला, की आपल्या लेखांची प्रत खुली करण्याचा हक्क आधीच विद्यापीठाला द्यायचा, म्हणजे नंतरचा करार त्याच्या आड येत नाही. २०१८मध्ये जाहीर झालेल्या प्लॅन एस या मोहिमेतल्या अनुदान-संस्थांनीही पुढे त्याच धर्तीची वाट धरली. पेपर पाठवतानाच आभारांच्या परिच्छेदात एक ठरावीक वाक्य घालायचं. त्या वाक्याचा मसुदा आमच्याकडे तयार आहे, मागून घ्या.

६. जर्नल म्हणतं बारा महिने थांबा. मग फाइल बारा महिन्यांनी आणून देऊ का?

आत्ताच द्या. बारा महिन्यांनी ती कुठे आहे हे तुम्हालाही आठवणार नाही. थांबण्याच्या या मुदतीला एम्बार्गो म्हणतात. तोवर रिपॉझिटरीत फक्त नाव, लेखक आणि सारांश दिसतो, फाइल कुलपात राहते. मुदत संपली की ती आपोआप उघडते. मधल्या काळात कोणी 'प्रत हवी' म्हणून कळ दाबली तर विनंती तुमच्याकडे येते आणि तुम्ही व्यक्तिशः प्रत पाठवू शकता.

अनुदान देणाऱ्या संस्थेची अट जर्नलपेक्षा कडक असू शकते. अमेरिकेच्या एनआयएच या संस्थेने २००८पासून बारा महिन्यांची सूट दिली होती. १ जुलै २०२५पासून स्वीकारल्या गेलेल्या पेपरांना ती सूट नाही, पेपर प्रसिद्ध होईल त्याच दिवशी खुला व्हावा लागतो. जर्नल आणि अनुदान-संस्था यांच्या अटी जुळत नसतील तर पेपर पाठवण्याआधी आमच्याकडे या. पाठवल्यानंतर आम्हाला फारसं काही करता येत नाही.

७. मी पेपर रिसर्चगेटवर टाकलाय. ते पुरे नाही का?

ओळखी वाढवायला ते ठीक आहे, पण ती खाजगी कंपनीची साइट आहे. फाइल पन्नास वर्षं टिकवण्याची जबाबदारी तिच्यावर नाही, आणि अनुदान-संस्था सहसा ती जागा धरत नाहीत. शिवाय तिथे लोक बहुधा छापील पीडीएफच टाकतात आणि करारात नेमकं तेच मना असतं. २०१७मध्ये दोन मोठे प्रकाशक याच कारणावरून कोर्टात गेले. आमचा सल्ला असा : प्रत रिपॉझिटरीत ठेवा आणि तिथे फक्त दुवा द्या.

८. सीसी बाय, एनसी, एनडी... यातला कोणता परवाना निवडू?

क्रिएटिव्ह कॉमन्सचे हे परवाने २००२पासून आहेत. 'बाय' म्हणजे श्रेय द्या आणि हवं ते करा. 'एसए' म्हणजे त्यावरून काही नवं केलंत तर तेही याच परवान्याखाली द्या. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. 'एनडी' म्हणजे बदललेली आवृत्ती इतरांना देऊ नका.

एनडी निवडताना थोडं थांबा. आपलं वाक्य कोणी मोडतोड करून छापेल या भीतीने तो निवडला जातो. पण अनुवादसुद्धा बदललेलीच आवृत्ती धरला जातो. म्हणजे तुमचा इंग्रजी पेपर कोणी मराठीत आणायचा म्हटलं तर तो अनुवाद तुमची परवानगी आणल्याशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. आपल्या भाषेत ज्ञान यावं असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मोडतोडीची भीती 'बाय'मध्येही बरीचशी भागते, कारण बदल केला असेल तर तसं सांगावंच लागतं.

एनसीचीही मेख आहे. 'व्यापारी' कशाला म्हणायचं यावर एकमत होत नाही, त्यामुळे भीड असलेला शिक्षक किंवा छोटा प्रकाशक त्या पेपराला हातच लावत नाही. अनुदान-संस्थेची अट नसेल तरी आम्ही पेपरासाठी सीसी बाय सुचवतो. डेटासाठी बहुधा कोणतीच अट न घालणारा सीसी झीरो बरा, म्हणजे पन्नास डेटासेट एकत्र करणाऱ्याला पन्नास अटी सांभाळाव्या लागत नाहीत. श्रेय देण्याची संशोधनातली रीत तरीही लागू राहते. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, त्यामुळे सहलेखकांना आधी विचारा. कोडचे परवाने निराळे (प्रश्न १८).

९. प्रीप्रिंट टाकला तर जर्नल पेपर नाकारेल का? आणि कोणी कल्पना चोरली तर?

भौतिकशास्त्रातले लोक १९९१पासून अर्काइव्हवर प्रीप्रिंट टाकत आले आहेत. आता बहुतेक शाखांतल्या जर्नलांना ते चालतं. काहींना अजून चालत नाही, आणि जिथे लेखकाचं नाव समीक्षकांपासून लपवतात तिथे अडचण येऊ शकते. म्हणून जर्नलच्या सूचना आधी वाचा. चोरीचं म्हणाल तर प्रीप्रिंटवर तारीख पडते, डीओआय किंवा कायमचा क्रमांक मिळतो आणि कल्पना तुमची होती याचा उघड पुरावा तयार होतो. समीक्षकांच्या टेबलावर सहा महिने पडून राहणाऱ्या पेपराला तेवढंही संरक्षण नसतं. वैद्यकीय विषयात मात्र हात राखून वागा. समीक्षा न झालेला निष्कर्ष रुग्णांपर्यंत बातमी होऊन पोचू शकतो. पेटंटचा विचार असेल तर प्रश्न १६ वाचल्याशिवाय प्रीप्रिंट टाकू नका.

१०. जर्नलकडून निमंत्रणाची मेल आलीय, आठ दिवसांत समीक्षा करतो म्हणतात. फसवं आहे का?

घाईचं आश्वासन, तुमच्या विषयाशी संबंध नसलेला स्तुतीचा मजकूर आणि शुल्काचा आकडा पेपर स्वीकारल्यावरच सांगणं, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर दूर राहा. जर्नल डीओएजेत आहे का ते बघा. 'थिंक, चेक, सबमिट' या साइटवरची यादी घेऊन बसा. संपादक मंडळातल्या एखाद्या व्यक्तीच्या स्वतःच्या विद्यापीठ-पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का ते तपासा. सगळ्यात खात्रीची कसोटी म्हणजे त्यातले दोन पेपर पूर्ण वाचणं. तुमच्या विषयातलं काम कसं आहे हे तुम्हाला यादीपेक्षा चांगलं कळतं.

खऱ्या जर्नलची हुबेहूब नकली वेबसाइट उभारण्याचेही प्रकार होतात. त्यामुळे मेलमधल्या दुव्यावरून जाऊ नका, आयएसएसएन क्रमांकावरून जर्नल स्वतः शोधा. पेपर पाठवून बसला असाल तर करारावर सही करू नका, पैसे भरू नका आणि 'पेपर मागे घेत आहे' असं लेखी कळवा. अशा वेळी लाज वाटून गप्प बसू नका. मुरलेले संशोधकही यात सापडलेले आम्ही पाहिले आहेत.

११. पेपरात 'डेटा मागितल्यास उपलब्ध' असं लिहिलं की झालं ना?

लिहिताना ते खरंच मनापासून लिहिलेलं असतं. पण 'करंट बायॉलॉजी'मध्ये २०१४ साली आलेल्या एका अभ्यासात २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ पेपरांचा डेटा लेखकांकडे मागून पाहिला. पेपर जितका जुना, तितका डेटा सापडणं दुरापास्त. हाती लागण्याची शक्यता दर वर्षी १७ टक्क्यांनी घटत गेलेली दिसली. ईमेल पत्ते बंद झालेले, डेटा ज्यांवर होता ती साधनं चालेनाशी झालेली. डेटा रिपॉझिटरीत ठेवून त्याचा डीओआय पेपरात दिला की ही जबाबदारी तुमच्या स्मरणशक्तीवर राहत नाही.

१२. माझा डेटा घेऊन कोण काय करणार? अगदीच विशिष्ट विषय आहे.

हे आधी कोणालाच सांगता येत नाही. १९७१मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. पुढच्या पाच दशकांत हजारो प्रयोगशाळांनी आपापली एकेक रचना तिथे ठेवली. त्या साठ्यावर शिकवलेल्या प्रोग्रॅमने प्रथिनांचे आकार वर्तवले, आणि त्या कामाला २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. एकेक रचना ठेवणाऱ्यांच्या मनात असं काही असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर, दोन वर्षांनी स्वतःचा डेटा पुन्हा लागतो तेव्हा पहिला वापरकर्ता बहुधा तुम्हीच असता.

१३. डेटा ठेवायचा कुठे? आणि सगळाच ठेवायचा का?

तुमच्या शाखेची ठरलेली रिपॉझिटरी असेल तर पहिली पसंती तिला, कारण तुमचे वाचक तिथेच शोधतात. जनुकांच्या क्रमासाठी जेनबँक तशीच. नसेल तर विद्यापीठाची. तीही सोयीची नसेल तर झेनोडो, ड्रायड, फिगशेअर यांसारखी सर्वसाधारण. झेनोडो २०१३पासून सर्नमध्ये चालते, मोफत आहे आणि एका नोंदीला साधारण ५० जीबीपर्यंत जागा देते. कुठली जागा आहे हेच माहीत नसेल तर री-थ्री-डेटा या नोंदवहीत विषयानुसार शोधा.

सगळं ठेवू नका. पेपरातला प्रत्येक आकडा आणि आलेख ज्यावरून पुन्हा काढता येईल तेवढं हवंच. जे पुन्हा मोजता येणार नाही, म्हणजे एका वर्षाचा पाऊस, एका निवडणुकीतलं सर्वेक्षण, ते नक्की ठेवा. उलट सिम्युलेशनचा टेराबाइटभर निकाल ठेवण्याऐवजी कोड आणि सुरुवातीच्या अटी ठेवणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

१४. फाइली अपलोड केल्या. रिपॉझिटरीने 'रीडमी जोडा' म्हणून परत पाठवल्या. त्यात काय लिहू?

आमच्याकडे आलेल्या एका तक्त्याचं उदाहरण देतो. रकान्यांची नावं : 'आयडी', 'टी१', 'टी२', 'ग्रुप', 'व्ही३_न्यू'. 'टी' म्हणजे तापमान, वेळ की चाचणी? 'टी२'मध्ये काही ठिकाणी ९९९ आहे. तो आकडा आहे की 'उत्तर मिळालं नाही' याची खूण? काही खाने रिकामे आहेत. रिकामं म्हणजे शून्य की मोजलंच नाही? तारीख आहे ०३/०४/२१. मार्च की एप्रिल? ज्याने हे मोजलं त्याला सगळं पाठ होतं, पण दोन वर्षांनी त्यालाही 'व्ही३_न्यू' आठवलं नाही.

रीडमीत हेच लिहायचं. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, रिकाम्या खान्याचा अर्थ, उपकरण किंवा प्रश्नावली, कोणी कधी कुठे मोजलं, कोणती फाइल कशापासून तयार झाली, कोणत्या नोंदी वगळल्या आणि का. साधी टेक्स्ट फाइल पुरते. तारीख २०२१-०४-०३ अशी, वर्ष आधी घालून लिहा. तक्ते सीएसव्हीत द्या, मूळ एक्सेल सोबत ठेवली तरी हरकत नाही.

एक्सेलबद्दल सावध करणं भाग आहे. ते काही जनुकांची नावं तारखा समजून बदलून टाकतं. २०१६च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१' झालं. म्हणून अपलोड करण्याआधी फाइल एकदा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा.

फेअर तत्त्वं म्हणून जे २०१६पासून सगळीकडे ऐकू येतं, त्याचा गाभा हाच : डेटा शोधता यावा, मिळवता यावा, दुसऱ्या डेटाशी जोडता यावा आणि पुन्हा वापरता यावा.

१५. माझा डेटा मुलाखतींचा आहे, लोकांची खाजगी माहिती आहे. तो कसा खुला करू?

कदाचित करायचाच नसेल, आणि ते योग्यच आहे. फेअर म्हणजे सरसकट उघडा नव्हे. नोंद सगळ्यांना दिसते, फाइल मात्र अर्ज करणाऱ्या आणि अटी मान्य करणाऱ्या संशोधकालाच मिळते, अशी नियंत्रित सोय असते.

नावं काढली की झालं, असं समजू नका. लतान्या स्वीनी यांनी २०००मध्ये दाखवून दिलं, की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून पटू शकते. छोट्या गावातली एकमेव महिला डॉक्टर नाव न घेताही सगळ्यांना कळते. म्हणून वयाऐवजी वयोगट, गावाऐवजी विभाग, नेमक्या तारखेऐवजी वर्ष. मुलाखतीतल्या बोलण्यात आलेल्या तिसऱ्या माणसांचाही विचार करा.

खरी अडचण संमतिपत्रात असते. 'अभ्यास संपल्यावर माहिती नष्ट केली जाईल' असं छापून सही घेतली असेल, तर नंतर कितीही वाटलं तरी डेटा देता येत नाही आणि आम्हीही तो स्वीकारत नाही. दिलेला शब्द पाळायचा असतो. त्यामुळे एथिक्स कमिटीकडे अर्ज जाण्याआधी संमतिपत्राचा मसुदा आम्हाला दाखवा. 'ओळख पुसून इतर संशोधकांना देण्यास माझी हरकत नाही' हा वेगळा पर्याय वेगळ्या चौकटीत ठेवा. तो न निवडणाऱ्यालाही अभ्यासात भाग घेता आला पाहिजे.

दुर्मीळ जिवांच्या नेमक्या ठिकाणांनाही हेच लागू पडतं. चीनमधल्या 'गोनियुरोसॉरस लुइ' या पालीचं वर्णन १९९९मध्ये प्रसिद्ध झालं, आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणाऱ्यांनी ती मूळ ठिकाणाहून संपवली. पुढे तिच्या नात्यातल्या नव्या जाती जाहीर करताना संशोधकांनी जागाच छापली नाही. तुम्हीही अक्षांश-रेखांश मोघम करा, नेमके आकडे नियंत्रित ठेवा. आणि माहिती एखाद्या आदिवासी समूहाच्या ज्ञानातून आली असेल तर ती कोणाला द्यायची हे ठरवण्यात त्या समूहाला हक्काची जागा हवी. २०१९ची केअर तत्त्वं त्यासाठीच आहेत.

१६. पेटंट घ्यायचा विचार आहे, किंवा कंपनीने पैसे दिलेत. मग?

आधी पेटंटचा अर्ज, मग पेपर, प्रीप्रिंट, पोस्टर आणि डेटा. हा क्रम उलटा करू नका. अनेक देशांत, युरोपात विशेषतः, शोध आधी कुठेही जाहीर झाला असेल तर पेटंट मिळत नाही. काही देश वर्षभराची सवलत देतात, पण तिच्या भरवशावर राहू नये. खुल्या रिपॉझिटरीतला प्रबंधही 'जाहीर' धरला जातो. कंपनीच्या करारात 'प्रकाशनापूर्वी मंजुरी' असेल तर त्या मंजुरीला दिवसांची मर्यादा घालून घ्या, नाहीतर पेपर अडकून राहतो.

१७. मी दुसऱ्यांचा डेटा वापरलाय. तो माझ्या डेटासेटमध्ये घालू का?

त्याचा परवाना परवानगी देत असेल तरच. नसेल तर मूळ डेटाचा डीओआय, आवृत्ती आणि उतरवून घेतल्याची तारीख द्या, आणि त्यावरून तुमचा निकाल काढणारा कोड ठेवा. समाजमाध्यमांवरून गोळा केलेल्या मजकुराला साइटच्या अटी लागू असतात. शिवाय लिहिणाऱ्याने तो संशोधनासाठी लिहिलेला नसतो, त्यामुळे प्रश्न १५ तिथेही लागू.

१८. कोडचं काय?

कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर असणं चांगलंच, पण तो पत्ता उद्या बदलू शकतो. गिटहब झेनोडोला जोडलं की प्रत्येक प्रकाशित आवृत्तीला डीओआय मिळतो. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा नको, सॉफ्टवेअरसाठीचा घ्या : एमआयटी, अपाचे किंवा जीपीएल. परवाना लिहिलाच नाही तर कायद्याने कोणालाच तो वापरता येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. कोड सुबक नाही म्हणून लाजू नका. चालणारा ओबडधोबड कोड न मिळणाऱ्या सुबक कोडपेक्षा कितीतरी उपयोगी.

१९. प्रबंध खुला केला तर त्यावरचं पुस्तक कोणी छापेल का?

पुष्कळ प्रकाशक छापतात, कारण पुस्तक होताना प्रबंध बराच बदलतो. तरी मनात ज्या प्रकाशकाचं नाव असेल त्याला विचारा आणि गरज असेल तर एक-दोन वर्षांचा एम्बार्गो मागा. कायमचं कुलूप मागू नका. प्रबंधात आधी छापलेले तुमचेच पेपर प्रकरणं म्हणून असतील तर तिथे स्वीकृत प्रतीचा मजकूर वापरा. दुसऱ्यांची छायाचित्रं किंवा नकाशे असतील तर परवानग्या लिहितानाच घ्या. परवानगी न मिळालेल्या चित्राची जागा रिकामी ठेवलेली खुली प्रत आणि पूर्ण असलेली बंद प्रत, अशा दोन फाइली आम्ही ठेवू शकतो.

२०. खुल्या केलेल्या डेटात चूक सापडली. काढून टाकता येईल का?

काढू नका, नवी आवृत्ती ठेवा. जुनीही दिसत राहते, कारण कोणीतरी तिचा आधार घेऊन काम केलेलं असू शकतं. दोन्हींचे डीओआय वेगळे असतात आणि काय बदललं ते रीडमीच्या सुरुवातीला लिहायचं. पेपराचा निष्कर्षच बदलत असेल तर जर्नलला दुरुस्ती कळवा. कोणाची ओळख उघड झाली असेल तर मात्र वेळ न दवडता फोन करा. ती फाइल आम्ही तत्काळ बंद करतो आणि डीओआयच्या पानावर 'फाइल काढली आहे' एवढीच नोंद उरते.

२१. मला डेटा द्यायचाय, पण गाईड नको म्हणतात. अजून दोन पेपर काढायचे आहेत म्हणे.

त्यांची काळजी खोटी नाही. ज्याने चार वर्षं मोजमाप केलं त्याला आधी लिहायला मिळायलाच हवं. म्हणून डेटा आत्ता ठेवा आणि त्यावर एम्बार्गो घाला, किंवा या पेपराला लागणारा तुकडा खुला करून बाकीचा राखून ठेवा. मानवी जनुकाच्या प्रकल्पात १९९६च्या बर्म्युडा तत्त्वांनुसार नवा क्रम चोवीस तासांत खुला करायचा ठरलं होतं. प्रत्येक विषयाला तो वेग जमणार नाही. पण पेपर आला आणि त्यामागचे आकडे कुणालाच पाहता येत नाहीत, हे आम्हाला मान्य होत नाही. डेटाची मालकी विद्यापीठाची, गाईडची की अनुदान-संस्थेची, हे नेमणूकपत्र आणि अनुदानाच्या करारात असतं. तुम्ही एकट्याने अपलोड करून वाद ओढवून घेऊ नका. आमच्याकडे दोघे मिळून या, अर्ध्या तासात बहुधा वाट निघते.

२२. मी विद्यापीठ सोडतोय / निवृत्त होतोय. जुन्या कामाचं काय?

खातं बंद होण्याच्या किमान महिनाभर आधी सांगा. विद्यापीठाच्या ईमेलमध्ये अडकलेल्या स्वीकृत प्रती तेव्हाच काढता येतात. ऑर्किडला वैयक्तिक ईमेल जोडून ठेवा. रिपॉझिटरीतल्या फाइली तुम्ही गेल्यावरही तिथेच राहतात. डेटाबद्दल विचारणा आली तर कोणाशी बोलायचं, ते नाव मात्र देऊन जा.

जुन्या सीडी, फ्लॉपी, हाताने लिहिलेल्या नोंदवह्या असतील तर त्या निरुपयोगी आहेत असं स्वतःच ठरवू नका. ज्या सॉफ्टवेअरमध्ये फाइली केल्या त्याचं नाव आणि आठवत असेल तर आवृत्ती एका चिठ्ठीवर लिहा, ती चिठ्ठी खोक्यावर चिकटवा आणि कपाट रिकामं करणारे येण्याच्या आधी आम्हाला बोलवा.